मानांग कोन्सिंगचा तळहात

मानांग कोन्सिंगबद्दल सांगायचं म्हणजे माझ्याबद्दलही सांगावं लागणार, आणि माझ्याबद्दलचं काही सांगण्यासारखं नाही. तरी सांगतो. साडेअकराच्या आत सांगून मोकळं व्हायचंय. का, ते कळेलच.

मी डिंडो. इलोइलो शहरात, ला पाझ भागातल्या बाजारात वरच्या मजल्यावर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक पंखा, एक भिंग आणि माझं तोंड. त्यातलं तोंड जास्त चालतं. खाली मानोंग इस्कोचं बॅचॉयचं टेबल आहे. दुपारी निम्मा बाजार तिथे वाफाळत्या रश्शातल्या शेवया ओरपायला बसतो, आणि त्या सगळ्यांना हसवणारा माणूस म्हणजे मी. कोणाचं चालणं, कोणाचं बोलणं, कोणाचं घोरणं, सगळ्यांच्या नकला मला येतात. मानोंग इस्को म्हणतो, "डिंडो आला नाही तर रस्सा अळणी लागतो." हे ऐकून माझी छाती फुगायची. मूर्खाची छाती फुगायला लागतं काय?

मानांग कोन्सिंग आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते. थोरल्या बाईला आम्ही मानांग म्हणतो, थोरल्या माणसाला मानोंग. वय बासष्ट, अंगानं काटक, केस करकचून बांधलेले. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतेय. नवरा जहाजावर होता, तो एका खेपेला गेला तो परत आलाच नाही, आणि कंपनीनं दोन ओळींचं पत्र पाठवलं. तेव्हा तिची ज्युवी सहा वर्षांची. मानांगनं पत्राची घडी घातली, कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी फादरचा झगा इस्त्री करून चर्चमध्ये वेळेवर पोचवला. हे मला माझ्या आईनं सांगितलंय. आई हे सांगताना रडायची, मानांग कधी रडलेली कोणी पाहिली नाही.

तिचा एक नियम होता. इस्त्री झाली की हात पाण्याला लावायचे नाहीत, थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. तापल्या हाताला गार पाणी लागलं की पास्मा होतो. शिरा फुगतात, बोटं थरथरतात, पुढे सुईसुद्धा धरवत नाही. डॉक्टर याला हसतात. हसू देत. आमच्याकडे कुठल्याही इस्त्रीवालीला विचारा, शेतावरून आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. काम संपलं की मानांग दोन्ही हात एका जुन्या हिरव्या टॉवेलात गुंडाळून दारात बसायची. त्या वेळी तिला कोणी काही दिलं तर घ्यायची नाही. "ठेव तिथं, तोतो," म्हणायची. चाळिशीला टेकलो तरी तिच्यासाठी मी तोतोच, म्हणजे बाळ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तिचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. चार वर्षांपूर्वीची. माझे शर्ट दर गुरुवारी तिच्याकडे असतात. एका गुरुवारी भर दुपारी ती बाजाराचा जिना चढून वर आली. माझ्याकडे तीन गिऱ्हाइकं बसलेली. तिनं पिशवीतून माझा पांढरा शर्ट काढला, सगळ्यांसमोर उलगडला आणि पाठीवरचा पिवळा डाग दाखवला. म्हणाली, "हा माझ्या हातून पडला. इस्त्री ठेवून मी बोलत बसले. चूक माझी." डाग नखाएवढा. पँटीत खोचला असता तर माझ्या बापालाही दिसला नसता. मी म्हटलं, "अहो मानांग, हे सांगायला एवढ्या उन्हात आलात?" तर म्हणे, "तुला आधी दुसऱ्या कोणी दाखवला असता तर?" नवा शर्ट आणून दिला तेव्हाच ती गप्प बसली.

आता लॅपटॉप. ज्युवी मोठी झाली, शिकली, आणि घरबसल्या कोरियातल्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागली. दिवसाला आठ तास. त्यासाठी मानांगनं दोन वर्षं जादा घरांची इस्त्री धरून तिला एक वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. ज्युवी शिकवायला बसायची तेव्हा तिचा ब्लाउज कडक इस्त्रीचा असायचा. कॅमेऱ्यात कॉलरच दिसायची, पण मानांग अख्खा ब्लाउज करायची, पाठीसकट. मी एकदा चिडवलं, "मानांग, पाठ कोरियाला दिसत नाही हो." ती म्हणाली, "तिला कळतं ना पाठीवर काय आहे ते."

मार्च महिन्यात ज्युवी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पंखा खडखडायचा, मशीन गरम व्हायचं. मी उघडलं, आत धूळ आणि केस. पंखा झिजलेला. म्हटलं कूलरच बदलू या, म्हणजे पंखा आणि उष्णता ओढून घेणारी तांब्याची नळी, सगळा जोडच नवा. तो बसवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात फोनवर बास्केटबॉलचा सामना चालू होता आणि माझं निम्मं लक्ष तिकडे, निम्मं तोंडाकडे. मशीन बंद केलं, चालू केलं, पंखा गुपचूप फिरला. "घेऊन जा, ज्युवी, आता याच्यावर भात शिजवलास तरी तापणार नाही."

चार दिवसांत मशीन भर वर्गात बंद पडलं. मग परत पडलं. ज्युवीच्या कंपनीचा नियम असा की महिन्यात तीन वेळा वर्ग तुटला तर नाव कापलं. दोन वेळा झालं होतं.

या खेपेला ज्युवी कोणाचा तरी लॅपटॉप उसना मागायला गेली होती, म्हणून मानांगच मशीन घेऊन आली. हिरव्या टॉवेलात गुंडाळलेलं. मी विचारलं, "हे काय, बाळाला अंघोळ घातली का?"

"तापलेलं होतं," ती म्हणाली. "एकदम वाऱ्यात आणलं तर पास्मा होईल."

मी जे हसलो! टेबलावर हात आपटून हसलो. शेजारचा घड्याळवाला डोकावला, त्यालाही सांगितलं, तोही हसला. मानांग उभीच होती. हसणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "बंद केल्यावरच गुंडाळते मी. चालू असताना नाही. ज्युवीला विचार."

मी ऐकलं. हे मी ऐकलं होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर बरेच दिवस मी ऐकलं नव्हतं असं स्वतःला पटवत होतो.

मग तिनं लॅपटॉप चालू करायला लावला. थोड्या वेळानं तळहात पालथा करून ती तो बटणांवरून फिरवायला लागली, मशीनला न टेकवता, जशी इस्त्रीची उष्णता बघते तशी. मग बाजूच्या जाळीशी हात धरला. "तोतो, इथं वर भाजतंय. पण या भोकातून वारा येतोय तो गार आहे. आतली उष्णता बाहेर येतच नाहीये. मधे काहीतरी आडवं आहे."

आता सांगतो, वीस वर्षं मी हे काम करतोय. याहून नेमकं निदान मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. मशीन तापतंय आणि वारा गार येतोय, म्हणजे चिपची उष्णता तांब्यापर्यंत पोचत नाही. बस्स. चार स्क्रू काढायचे आणि बघायचं. आणि मी काय म्हणालो? "मानांग, हा लॅपटॉप आहे, इस्त्री नाही. टॉवेलात शिजवलाय तुम्ही त्याला." जाळीतून दोन फुंकरा मारल्या आणि मशीन तसंच परत दिलं. उघडलंसुद्धा नाही. नुकतं केलेलं काम पुन्हा उघडायचं म्हणजे चुकलो असं कबूल करायचं, आणि तेही घड्याळवाल्यासमोर!

संध्याकाळी ज्युवी आली तेव्हा मी डॉक्टरसारखा चेहरा करून तिला सांगितलं, "घरातला टॉवेल बंद कर. तुझी नानाय मशीनला पास्मा होईल म्हणून गुंडाळून ठेवते. आत कोंडून कोंडून त्याचा जीव गेला." आईबद्दलचं हे ज्युवीनं ऐकून घेतलं. तिचं तोंड मात्र उतरलं.

दुसऱ्या दिवशी बॅचॉयच्या टेबलावर मी नक्कल केली. तळहात वाडग्यावरून फिरवायचा, डोळे अर्धे मिटायचे, आणि मानांगच्या आवाजात म्हणायचं, "मानोंग इस्को, तुझ्या रश्शाला पास्मा होईल हं, टॉवेल आण." लोक हसून हसून लोळले. मानोंग इस्कोच्या हातातला डाव खाली पडला. कोणीतरी म्हणालं, "दोक्तोरा कोन्सिंग!" आणि नाव चिकटलं. ती कोळसा घ्यायला, साबण घ्यायला बाजारात आली की एक ना एक जण हाक मारायचाच, "दोक्तोरा, माझा फोन तापलाय, टॉवेल आहे का?" ती हसून पुढे जायची. मला वाटायचं, बघा, तिलाही गंमत वाटतेय.

तिसऱ्यांदा मशीन बंद पडलं ते सोमवारी सकाळी. ज्युवीचं नाव कापलं गेलं. त्या घरात काय झालं ते भिंतीपलीकडून अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ज्युवी ओरडत होती, "सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून! तुझ्या त्या टॉवेलानं माझी नोकरी खाल्ली, नानाय!" आणि मानांगचा आवाज, इतका बारीक की मी कान देऊन ऐकला, "मी परवापासून नाही गुंडाळला गं." "मग आधी गुंडाळलास त्याचं काय?" आठवड्यात ज्युवी सेबूला गेली. तिथे एका औषधाच्या दुकानात उभं राहायचं काम मिळालं. मोठ्यांचा हात कपाळाला लावून निघायची आमची रीत, पण जाताना आईचा हात कपाळाला लावून घेतला नाही तिनं.

त्यानंतर एका गुरुवारी मी शर्ट आणायला गेलो. मानांगनं शेवटची कॉलर केली, इस्त्री उभी ठेवली, आणि शेजारच्या बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. मी दचकलोच.

"मानांग! हात?"

"काही होत नसतं," ती म्हणाली. "सगळी जुन्या बायकांची खुळं. तूच सांगितलंस ना." मग तिनं माझे शर्ट उचलले, आणि तिची बोटं थरथरत होती. वयानंही थरथरत असतील. पण मी त्या थरथरीकडे बघितलं आणि मला पळून जावंसं वाटलं. गेलोही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन आली. टॉवेल नाही, उघडा, दोन हातांवर तान्ह्या पोरासारखा धरलेला. "हा आता कोणाला लागत नाही. सुटे भाग कामाला येत असतील तर घे. घरात डोळ्यांसमोर नको." मी घेतला. ती गेल्यावर भाग काढायला उघडला. कूलरचे चार स्क्रू काढले, तांबं उचललं.

नव्या कूलरला जिथे चिपवर टेकायचं तिथे एक पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो सोलून मग कूलर बसवतात. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच. तो कागद तसाच होता. तापून पिवळा पडलेला, कडेनं सुरकुतलेला, आणि त्याच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. सोलायला म्हणून मी तो चिमटीत धरला असणार, आणि तेवढ्यात सामन्यात कोणीतरी बास्केट केली असणार.

मधे काहीतरी आडवं आहे, असं ती म्हणाली होती.

मला किती वेळ घाम येत होता कोण जाणे. घड्याळवाल्यानं विचारलं, "काय रे, बरं नाही का?" मी म्हटलं, "गरम होतंय." कागद सोलला, चिपची उष्णता तांब्यात नेणारी पेस्ट लावली, कूलर बसवला. मशीन दोन तास चालू ठेवलं. जाळीतून गरम वारा येत राहिला आणि बटणं थंडगार. दोन तास मी त्याच्यासमोर नुसता बसून होतो.

लपवता आलं असतं हो. कागद कचऱ्यात गेला असता आणि विषय संपला असता, कोणाला काय कळणार होतं? शुक्रवार, शनिवार, रविवार मी तेच केलं. रविवारी चर्चमध्ये ती दोन ओळी पुढे बसली होती. तिच्या मागे बसून मला प्रार्थनेतलं एक वाक्य तोंडातून काढता आलं नाही. सोमवारी मी लॅपटॉप उचलला आणि तिच्या दारात गेलो.

ती इस्त्री करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कागद दाखवला, त्यावरचा माझ्या अंगठ्याचा ठसा दाखवला. "मानांग, चूक माझी होती. तुमच्या टॉवेलाचा काही संबंध नव्हता. तुम्ही सांगितलं होतं तेच होतं आत. मी उघडून बघितलं नाही. मला लाज वाटली म्हणून बघितलं नाही, आणि आता त्याहून जास्त लाज वाटतेय." पुढे काय बोललो आठवत नाही. नाक वाहत होतं एवढं आठवतंय.

तिनं हातातली बाही पूर्ण केली. दुसरी पण केली. मग इस्त्री उभी ठेवली, बादली पायानं बाजूला सरकवली, कपाटातून तो हिरवा टॉवेल काढला आणि दोन्ही हात त्यात गुंडाळून घेतले. म्हणाली, "ज्युवीला फोन लाव. हात गरम आहेत माझे, मला धरता येणार नाही. तू धर."

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि मानांगच्या तोंडाशी धरला. पण तिनं तोंड बाजूला घेतलं. मानेनं मलाच खुणावलं. मग मी ज्युवीला सगळं सांगितलं. मागे दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ज्युवीनं त्याला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "नानाय आहे तिथे?"

"आहे."

"नानाय?"

"हं. जेवलीस का?" मानांगनं विचारलं.

पलीकडून आधी रडणंच ऐकू आलं. मग "नानाय, मी काय काय बोलले गं," असं काहीतरी. मानांग म्हणत होती, "बरं बरं. गिऱ्हाईक उभं आहे ना? त्याला औषध दे आधी." माझा हात अवघडला, खांद्यातून कळ यायला लागली, तरी मी फोन धरून उभा होतो. त्या दोघींचं बोलणं ऐकायचा मला काडीचा हक्क नव्हता आणि कान मिटता येत नव्हते. मानांगनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. शिवी दिली असती तर उपकार झाले असते.

फोन संपल्यावर मी म्हटलं, "मानांग, आणखी काय करू?"

"ज्युवीला कळलं, ठीक झालं," ती म्हणाली. "आता खाली बॅचॉयवाल्याकडे सांग. जिथं हसलास तिथं."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. दुपारी मानोंग इस्कोच्या टेबलावर जाऊन बसलो. सगळे होते. घड्याळवाला, मासळीवाली, ट्रायसिकलवाले दोघे. मी तोंड उघडायच्या आधीच मानोंग इस्को वाडगं सरकवत म्हणाला, "काय म्हणते आपली दोक्तोरा?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे, हसायला तयार. आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. एवढी चालणारी जीभ! मी म्हटलं, "बरी आहे." आणि खाली मान घालून अख्खं वाडगं संपवलं, तळाच्या कलेजीच्या तुकड्यासकट.

संध्याकाळी गल्लीत शिरताना ती दारात बसली होती, हात टॉवेलात. मी डोळा चुकवून निघालो होतो.

"तोतो, जेवलास का दुपारी?"

"जेवलो, मानांग."

"कुठं?"

"तिथंच."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. एका शब्दानं विचारलं नाही, सांगितलंस का म्हणून. थोडी सरकून बसली आणि म्हणाली, "बरं. उद्याही भूक लागेलच की."

ते काल झालं. आज साडेअकराला पाच मिनिटं आहेत, मी शटर अर्धं ओढलंय. तो कागद पाकिटात घेतलाय, कारण नुसत्या बोलण्यावर ते हसतील, चेष्टा समजतील. तुम्हाला आधी सांगितलं ते एवढ्यासाठीच की एकदा तोंडातून बाहेर पडलं तर दुसऱ्यांदा पडेल. रश्शाचा वास वर यायला लागलाय. खाली कोणीतरी जोरात ओरडतंय, "डिंडो अजून कसा आला नाही?" आणि बाकीचे आत्तापासूनच हसतायत.